मिरचीच्या देठाचं विरजण

उल्हास, काकीने तुझं विरजण फेकून दिलं.

तुला न्यायला अंगणात माणसं जमली होती. मी ओसरीवर बसले होते, मला कुणी काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. आणि आत आपली काकी, ऐंशीच्या घरात आली तरी कंबर खोचून कामाला उभी राहणारी, स्वयंपाकघर रिकामं करत होती. घरात माणूस गेलं की शिजलेलं अन्न आणि भरलेलं पाणी ठेवायचं नसतं. तिने भात ओतला, डाळ ओतली, हंड्यातलं पाणी ओतलं, आणि शेवटी खिडकीखालचं ते काळं मडकं मागल्या दारी माडाच्या मुळात उपडं केलं. वर राखेने घासून उन्हात वाळतही घातलं. किती नीट काम तिचं! मी संध्याकाळी ते मडकं पालथं बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या तोंडातून आवाज फुटला. लोकांना वाटलं, आता बाय भावासाठी रडली. अरे, मी तुझ्यासाठी रडतच होते. पण ओरडले ती मडक्यासाठी.

काकीला काय ठाऊक, की त्या मडक्यात कालच्या काजूच्या दह्याची कुलेरभर, चमचाभर साय होती, आणि कालच्यात परवाची, आणि परवाच्यात त्याच्या आधीची, पार तू पहिलं दही लावलंस त्या दिवसापर्यंत? तुझ्या काजूच्या कारखान्यातली दह्याची पिंपं तर त्याच दिवशी नासली. तिथे काजू सोलणाऱ्या गौरव्वाने ती ओतून दिली, तिला वाटलं घरी मडकं आहे. म्हणजे तू गेलास आणि दोन-चार तासांत तुझ्या हातचं सगळं नाहीसं झालं. आनंदावर विरजण पडलं असं आपण किती सहज म्हणतो. इथे विरजणच गेलं, आता काय म्हणायचं ते तू सांग.

दहाव्या दिवसापासून आज सकाळपर्यंत मला एकच भीती खात होती. डिचोलीचा तुझा कारखाना जाईल ही नव्हे. कारखाना राहील, पाकिटावर तुझं नाव राहील, आणि आत तू सोडलेलं गाईचं दूधच भरलं जाईल, ही.

आठवतं तुला, मांद्र्याच्या घरी तू पहिल्यांदा मिरच्या घेऊन बसला होतास? हिरव्या मिरच्या आईला दिल्यास आणि त्यांचे देठ तेवढे स्वतःकडे ठेवलेस. काजूगर वाटून, गाळून त्याचं दूध काढलंस, कोमट केलंस, आणि त्यात देठ टाकून तांदळाच्या डब्यात पुरलंस. "दह्याला दही लागतं रे," मी म्हटलं. "पहिल्या दह्याला कुणाचं दही लागलं असेल, बाय?" असं तू विचारलंस. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर असा वास! आईने पदर नाकाला लावला. तू मात्र त्यातलंच थोडं घेऊन दुसरं लावलंस. पहिलं खायचं नसतं म्हणालास, ते फक्त दुसऱ्यासाठी असतं. दुसरंही फसलं. तिसऱ्याला आईने बोट लावलं, चाटलं, आणि वाटी पुढे केली. तुझ्या कारखान्याचं उद्घाटन माझ्या लेखी तेव्हाच झालं, नारळ नंतर फोडलास.

गावाला तू कधी कळलाच नाहीस. आपल्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे मासळी बंद, चतुर्थीला शिवराक, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बांगड्यांभोवती ही गर्दी. तू रोजचाच शिवराक हे लोकांनी कसंबसं गिळलं. पण शिवराक माणूस दूध-तूप सोडतो म्हणजे काय? हरमलच्या लग्नात काकीने सगळ्यांना सोलकढी वाढली आणि तुझ्यापाशी आली तशी पुढे गेली. तू पेला धरून बसलेला. "काकी, मला?" तर म्हणते, "तुका चलची ना मरे! दूध घालून केल्या ती." नारळाचं दूध! अख्खी पंगत हसली. तू समजावायला गेलास तर ती आणखी ठाम, "दूध तें दूध." शेवटी तू हात जोडलेस आणि ताकावर गेलेल्या पंगतीत पाणी पिऊन उठलास. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी पोट धरून हसत होते आणि तू म्हणालास, "हस, हस. पण तिने लक्षात ठेवलं ना? तेवढं पुरे."

माझ्या ताटात सुंगटांचं हुमण, कोळंबीचं कालवण असायचं आणि तू समोर बसून डाळ-भात कालवायचास. कधी नाक मुरडलं नाहीस. एकदाच, एकदाच मी चिडून विचारलं, की तुला माझी किळस येते का खरं सांग. तू म्हणालास, "किळस कसली? तांबूने काय केलं ते तू पण बघितलंस. तू विसरू शकलीस, मी नाही. एवढाच फरक."

मी विसरले नव्हते रे. तांबू आपली गाय. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट, मराठी की कोंकणी यावरून गावात भावाभावांत अबोला होता, रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, आणि आपल्या गोठ्यात तांबूचं वासरू मेलं. ती पान्हा सोडेना. मग बाबांनी माणूस बोलावला. त्याने वासराचं कातडं काढलं, आत पेंढा भरला, काड्यांचे पाय लावले आणि ते तांबूपुढे उभं केलं. तांबू त्याला चाटायला लागली. कानापासून शेपटीपर्यंत चाटत होती, आणि मागे आई चरवी भरत होती. तू खांबाला धरून उभा होतास. मी घाबरून घरात पळाले, तू पळाला नाहीस, शेवटपर्यंत बघितलंस. चरवी भरली तेव्हा आई म्हणाली, "धाव रे, फेरी चुकेल." आणि तू दुधाचा कॅन घेऊन चोपड्याच्या धक्क्याकडे धावलास, कारण पलीकडची गिऱ्हाइकं वाट बघत होती. तेव्हा पूल नव्हता. फेरीबोट सुटली तर दूध उन्हात नासायचं.

लोक तुला विचारायचे, धावायचं वेड कुठून लागलं. तू हसून सांगायचास, फेरी पकडता पकडता. खरंच होतं ते, पण कॅनमध्ये काय होतं ते तू सांगायचा नाहीस. ते मला ठाऊक होतं. आता मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि हे ओझं मला एकटीला पेलत नाही.

मग तू लांब लांब धावायला लागलास. डिचोलीहून निघून हरमलच्या समुद्रापर्यंत. दिवसभर चालणाऱ्या शर्यतींत. चामड्याचा तुकडा नसलेले बूट, खिशात खजूर आणि भाजलेले शेंगदाणे. मी एकदा तुझी शर्यत बघायला आले होते, पहिला-दुसरा येशील म्हणून हार घेऊन. तू आलास बऱ्याच वरच्या नंबराने, पाणी प्यालास, आणि वळून परत त्याच रस्त्याने चालायला लागलास. मी हाका मारतेय, "अरे, संपली तुझी शर्यत!" तर म्हणालास, "शेवटचा यायचाय अजून." संध्याकाळी कुणा एका जाडजूड बँकवाल्याला घेऊन परतलास, तो लंगडत होता आणि तू त्याला कसलासा विनोद सांगत होतास. माझ्या हातातला हार सुकला. शेवटी मी तो त्या बँकवाल्याच्या गळ्यात घातला.

हेच खूळ तू कारखान्यात आणलंस आणि तिथे आपलं भांडण झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. काजू सोलणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी द्यायची ही सगळीकडची पद्धत. तू ती मोडलीस. सगळ्यांना सारखा रोज. आणि सोलायच्या खोलीवर कोण होती? मी! मला विचारलंस? जिचा हात मशीनसारखा चालतो तिला आणि जी दारातल्या मांजराशी गप्पा मारते तिलाही सारखंच? "मग हात चालवणारीने हात का चालवावा?" मी विचारलं. तू म्हणालास, "किलोवर होतं तेव्हा त्या हातमोजे काढून ठेवायच्या, बाय. मोज्याने वेग कमी होतो. टरफलाच्या तेलाने बोटं जळायची. तू कधी गौरव्वाची बोटं बघितलीस?" बघितली होती. पण म्हणून सरसकट सगळ्यांना? मी अजूनही म्हणते, तुझं अर्धंच बरोबर होतं. मोजे सक्तीचे करायचे आणि चांगल्या हाताला थोडं जास्त द्यायचं, यात काय पाप होतं? "सगळ्यांत हळू असणारीच्या वेगाने कारखाना चालवला तर कुणी मागे राहत नाही," हे तुझं उत्तर. "आणि कारखानाच मागे राहिला तर?" हे माझं. त्यावर तू, "बघू पुढच्या महिन्यात, तू म्हणतेस तसं थोडं करून बघू," असं म्हणाला होतास. तो पुढचा महिना आता चालू आहे. कुणाशी भांडू मी? जिंकायचं कुणाशी?

त्या दिवशी पहाटे तू नार्व्याच्या रस्त्याने गेलास, नदीच्या बाजूने. एकटाच. तुझ्याबरोबर धावणारी पोरं आदल्या दिवशीच्या शर्यतीने दमली होती, तूच त्यांना झोपू दिलंस. उजाडल्यावर शेतावर जाणाऱ्या माणसाला तू बांधाच्या कडेला बसलेला दिसलास. त्याला वाटलं, दम खातोय. डॉक्टर म्हणाले हृदयात जन्मापासूनची खोट होती, कुणालाच कळली नसती. मला ते पटतं, आणि पटूनसुद्धा रोज सकाळी माझ्या डोक्यात एकच फिरत राहतं. सगळ्यांत शेवटी राहिलेल्यासाठी तू दरवेळी मागे फिरलास. तुझ्यासाठी मागे फिरणारं त्या बांधावर कुणी नव्हतं.

आणि लोकांची तोंडं! दुःखाला आलेली माणसं, ओसरीवर चहा पिता पिता. "दूध नाही, मासळी नाही, आणि वर घोड्यासारखा पळायचा. होणारच होतं." मी सुतकात होते, गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं बांगडे खाताय, तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे?" त्यांचा कप खाली गेला. शुभा आतून बघत होती, तुझी शुभा, रडून रडून चेहरा सुजलेला, आणि मला वाटतं तेव्हा ती किंचित हसली. तेवढंच एकदा.

तिच्यावर मी चिडू शकत नाही. कारखाना तुझ्या नि माझ्या नावावर, तुझा वाटा आता बायको म्हणून तिचा. पोरगी अजून शिकतेय. दहाव्याला एक खरेदीदार आला, बाहेरचा, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. सगळं घ्यायला तयार. तुझ्या फोटोला हात जोडले. म्हणाला, "नाव हेच ठेवू. पाकिटावर धावताना साहेबांचा फोटो टाकू. लोकांना अशी गोष्ट आवडते." शुभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्याने विचारलं, दही एवढं पातळ का येतं. आणि स्वतःच सांगितलं, थोडी दुधाची पावडर घातली की घट्ट होईल, टिकेलही. "चवीला कुणाला कळतंय?" सोलायला परत किलोवर मजुरी. तेरावं झालं की येतो म्हणाला, कागद घेऊन.

तो गेला. डोळ्यांसमोर काय आलं सांगू? गोठा. तुझं कातडं, वर तुझं नाव, पायात धावायचे बूटसुद्धा, आणि आत पेंढा. आणि आम्ही सगळ्या त्याला चाटतोय आणि मागे कुणीतरी चरवी भरतंय.

शुभाला सांगितलं. तांबूची गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली, तुला न विचारता. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, मला सगळं कळतं. पण त्यांच्याशिवाय ते दही लागणार कसं? विरजण कुठे आहे? तुम्हाला येतं? मला नाही येत. मग नाव जपून तरी काय करू?" तिचा प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी मागल्या दारी जाऊन माडाच्या मुळाशी वेड्यासारखी माती उकरून बघितली. काय सापडणार होतं तिथे? मुंग्या.

बाराव्याला काकी माझ्याशेजारी येऊन बसली. कुणीतरी तिला सांगितलं होतं तिने काय ओतलं ते. पदराचा काठ चोळत म्हणाली, "बाय, तें कित्याचें करतालो तो?" मी सांगितलं, काजूचं दूध आणि मिरचीचे देठ. "मिरसांगेचे देंठ?" तिचा विश्वास बसेना. मी वैतागून म्हटलं, "होय गे, देठ! जे तू रोज केरात टाकतेस ते!" ती उठून गेली. मला वाटलं, दुखावली. तासाभराने आपल्या परसातल्या मिरच्या ओटीत घेऊन आली आणि एकेक देठ खुडून माझ्या हातावर ठेवायला लागली. "हांवें उडयलें, हांवच दितां," म्हणाली, फेकलं तिनेच आणि देणारीही तीच. मग मात्र मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून जे रडले ना उल्हास, तेवढी अंगणात रडले नव्हते.

गौरव्वाला निरोप धाडला. ती बेळगावकडची, इतकी वर्षं तुझ्याकडे, ती काजूगर घेऊन धावत आली. म्हटलं, "तू घरी दूध पितेस, तुला पावडरीचं एवढं काय?" तर म्हणाली, "घरात पितो की ओ. पण दादांनी हितं न्हाई म्हटलंय, म्हंजे हितं न्हाई." झालं. दोघींनी वाटलं, गाळलं, कोमट केलं. किती कोमट? तू करंगळी बुडवून बघायचास. मी करंगळी बुडवली, पण मला तुझी करंगळी कुठून आणायची? अंदाजाने देठ टाकले आणि घासून ठेवलेलं तेच मडकं तांदळाच्या डब्यात पुरलं. पहिल्याला तोच वास आला, आईने पदर नाकाला लावला होता तो. मी वेडी, त्या घाणेरड्या वासाने मला बरं वाटलं. त्यातलं थोडं घेऊन दुसरं लावलं.

आज सकाळी तो खरेदीदार यायचा होता. मी, शुभा, काकी, गौरव्वा, चौघी स्वयंपाकघरात. झाकण काढायला माझा हात होईना. शुभाने काढलं. मडकं जरा कलतं केलं. काठाला पाणी सुटलं होतं, पण मधला भाग हलला नाही. तिने कुलेर घातली तर खळगा पडला आणि तसाच राहिला. लागलं होतं, उल्हास! पातळ होतं, आंबट तर इतकं की काकीचा एक डोळा मिटला. शुभाने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "त्यांचं पहिलं असंच होतं?" म्हटलं, "ह्याहून वाईट." ती हात धुऊन बाहेर गेली. गाडी दारात आली होती. ओसरीवरूनच तिने सांगितलं, "यंत्रं हवी तर बोलू. नाव आणि फोटो मिळणार नाही." तो मऊ आवाजात म्हणाला, नावाशिवाय त्यात काय आहे. चहासुद्धा न घेता गेला.

गेला. उद्या कारखाना उघडायचा. बायका येऊन बसतील, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतील. दुकानदार विचारतील माल कधी. एवढ्याशा मडक्यातल्या दह्याने पिंपं कधी भरणार? मजुरीचं काय करायचं, तुझं की माझं? शुभाने नाव राखलं, पण त्या नावाला जागायचं मी कशाच्या बळावर? लोक म्हणतात सावर. काय सावरू? कारखान्याकडे जाणारा तो चढ आहे ना, तो मला गुडघ्यामुळे एका दमात चढवत नाही. तू त्या चढावर मागे वळून ओरडायचास, "ये गे बाय, घाई नाही!"

कुलेरभर काढून ठेवलंय उद्यासाठी. काकीला बजावलंय, ह्या मडक्याला हात लावशील तर बघ.

पण उल्हास, सगळ्यांत मागे आता मीच आहे. धावता येत नाही, चढ संपत नाही. तू तर कुणालाच असं सोडून गेला नाहीस. हारसुद्धा न घेता वळायचास तू. एकदा, एवढं एकदाच, फिर ना रे मागे.